वायफाय कनेक्ट होतं, पण नेट चालत नाही: भाड्याच्या खोल्यांमधलं सारखं उलटणारं दुखणं

"काकू, नेट परत बंद पडी गयं!"

रात्री साडेआठ-नऊला जिन्यावरून ही हाक आली की मी तवा उतरवून जिन्याखाली जायचे, बोर्डाचं बटण बंद करायचे, दहापर्यंत आकडे मोजायचे आणि परत चालू करायचे. पाच मिनिटं सगळं शांत. मग दुसऱ्या कोणाची तरी हाक. कधी चार दिवस काहीच नाही, की लागोपाठ तीन रात्री तेच. वर्षभराच्या वर हे चाललं. शेवटी जे सापडलं ते इतकं साधं होतं, की नेटच्या कंपनीला घातलेल्या शिव्या आठवून मलाच ओशाळल्यासारखं झालं. ज्यांनी दोन-तीन घरांत मिळून एकच नेट फिरवलंय, त्यांच्याकडे हे आज ना उद्या होणारच, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जागेची रचना सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या अमळनेरला तीन जागा. एक आम्ही राहतो ते स्लॅबचं घर, वर भाड्याच्या तीन खोल्या. मागच्या अंगणापलीकडे पत्र्याच्या चार खोल्यांची ओळ. आणि गल्लीच्या समोर सासऱ्यांच्या वेळचं धाब्याचं घर, त्यात दोन बिऱ्हाडं. कॉलेजची मुलं, बँकेतले एक जण, दवाखान्यातल्या एक सिस्टर, आणि संसारी माणसं. डोकी पंचवीसेक. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही धरले तर जोडलेल्या वस्तू पन्नासच्या वर. फायबरचं कनेक्शन एकच, आमच्या पुढच्या खोलीत. तिथून जिन्याखाली एक स्विच (विजेचं बटण नव्हे, एका वायरीच्या अनेक वायरी करणारा नेटचा डबा), स्विचमधून प्रत्येक खोलीत भिंतीवरच्या सॉकेटपर्यंत वायर, आणि तिन्ही घरांत वायफायचा एकेक डबा. हे सगळं एका ओळखीच्या मुलाने दोन रविवारांत बसवून दिलं. काम चोख होतं, त्यात खोट नव्हती.

दुखणं असं: मोबाइलवर वायफायची खूण पूर्ण भरलेली, खाली "कनेक्टेड, नो इंटरनेट". व्हॉट्सॲपचं चाक फिरत राहतं. मोबाइल डेटा चालू केला की सगळं सुरळीत.

पहिल्यांदा जे केलं ते सगळेच करतात. पन्नास एमबीपीएसचा प्लॅन शंभरचा केला. काही फरक नाही, बिल तेवढं वाढलं. मग राउटर नवा घेतला. पंधरा दिवस बरे गेले, मग तेच. कंपनीचा मुलगा दोनदा येऊन गेला. त्याने आपला लॅपटॉप थेट राउटरला लावला, वेग मोजला आणि म्हणाला, "ताई, नेट फुल्ल आहे." मला वाटलं, हा टाळतोय. तो खरंच बोलत होता. तो मोजत होता ते आमच्या उंबरठ्यापर्यंतचं नेट, आणि बिघाड उंबरठ्याच्या आत होता.

धागा हाती लागला तो एका फुटकळ गोष्टीवरून. वरच्या मधल्या खोलीत दोन मुलं राहतात. एके रात्री दोघंही खाली आले, एक तक्रार घेऊन आणि दुसरा नुसता सोबतीला. दुसऱ्याच्या मोबाइलवर गाणं चालू होतं. मी विचारलं, "हे कशावर चाललंय?" म्हणाला, "आपल्याच वायफायवर, काकू." एकच खोली, एकच डबा, एकच पासवर्ड, शेजारी शेजारी दोन मोबाइल, एकाचं चालू, एकाचं बंद. कंपनीचं नेट गेलं असतं तर दोघांचंही गेलं असतं. सिग्नल कमी पडत असता तरी दोघांनाही त्रास झाला असता.

माझा भाचा पुण्यात याच धंद्यात आहे. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, राउटरला हात लावू नकोस. दोघांच्या मोबाइलवरचे नंबर मला वाचून दाखव." सेटिंग्जमध्ये वायफाय उघडून जोडलेल्या नावापुढचं चाकाचं चिन्ह दाबलं की खाली आयपी ॲड्रेस आणि गेटवे असे दोन नंबर दिसतात. (आयफोनवर गेटवेच्या जागी "राउटर" असं लिहिलेलं असतं.) ज्याचं चालू होतं त्याचा नंबर १९२.१६८.१.३४, गेटवे १९२.१६८.१.१. ज्याचं बंद होतं त्याचा १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१.

आमचा राउटर म्हणजे १.१. मग हा ०.१ कोण? भाचा हसला. "मावशी, तुझ्या घरात दुसरं कोणीतरी पत्ते वाटतंय."

पत्ते वाटणारा दुसरा

कोणताही मोबाइल नेटवर्कवर आला की आधी सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देतो: मला कोणी पत्ता द्या. पत्ते वाटायचं काम मुख्य राउटरचं. तो सांगतो, हा घे तुझा नंबर, आणि बाहेर जायचं असेल तर माझ्या दारातून जा. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. तिचा स्वभाव भोळा आहे. लग्नाच्या गावी उतरलेला पाहुणा स्टँडवरच विचारतो, "जानवसा कुठं?" आणि जो पहिल्यांदा हात दाखवील त्या दिशेला चालू लागतो. गावात त्या दिवशी दोन लग्नं असली तर काय होईल ते सांगायला नको. मोबाइलचंही तसंच आहे. ज्याचं उत्तर आधी आलं ते बहुतेक वेळा खरं मानायचं, उलट चौकशी करायची नाही.

आमच्याकडे कोणत्या तरी खोलीत दुसरा राउटर लावलेला होता आणि तोही पत्ते वाटत होता. तो सांगायचा, माझ्या दारातून जा. पण त्याच्या दारापुढे रस्ताच नव्हता, कारण त्याला बाहेरचं नेट जोडलेलंच नव्हतं. मोबाइल बिचारा त्या दारात उभा राहून ठोठावत बसायचा.

हे कळल्यावर वर्षभराची सगळी कोडी सुटली. एकदा मिळालेला पत्ता ठरावीक मुदतीपुरता असतो. मुदत निम्मी झाली की मोबाइल त्याच राउटरकडून ती वाढवून घेतो, नव्याने सगळ्यांना विचारत नाही. म्हणून दिवसभर घरी असणाऱ्यांची तक्रार नसायची. संध्याकाळी क्लासहून, ड्यूटीवरून आलेले मोबाइल नव्याने जोडायचे, नव्याने हाक द्यायचे, आणि त्यांतले काही चुकीच्या दाराला लागायचे. तक्रारीची वेळ रात्री आठ-नऊ यासाठी. मला वाटायचं, त्या वेळी सगळे मिळून सिनेमे बघतात म्हणून नेट तुंबतं.

आणि बंद-चालू केल्यावर बरं का वाटायचं? बटण दाबलं की सगळ्यांचेच पत्ते नव्याने वाटले जायचे, म्हणजे फासे परत पडायचे. ज्याचं बंद होतं त्याचं बऱ्याचदा चालू व्हायचं आणि तो खूश होऊन वर जायचा. त्याच वेळी दुसऱ्या कोणाचं तरी चालू असलेलं बंद व्हायचं, पण त्याला ते कळून जिना उतरेपर्यंत दहा मिनिटं जायची. मी दुखणं बरं करत नव्हते, एका खोलीतून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवत होते.

तो डबा शोधला कसा

यासाठी कोणतंही यंत्र लागलं नाही. ज्या मोबाइलला चुकीचा पत्ता मिळाला होता त्याच्याच ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ असं टाकलं. नेट नसलं तरी त्या परक्या राउटरचं लॉगिनचं पान उघडलं, कारण तो घरातच होता. पानावर आमच्या राउटरपेक्षा वेगळ्याच कंपनीचं चिन्ह. नुसत्या या चिन्हावरून कधी कधी डबा ओळखू येतो: कोणाकडे त्या कंपनीचा राउटर आहे, एवढं विचारलं की झालं. पण रात्री साडेनऊला नऊ बिऱ्हाडांची दारं कोण वाजवणार?

मी जिन्याखाली टॉर्च घेऊन बसले आणि त्या मुलाला पायरीवर बसवलं. स्विचमधली एक वायर काढायची, तो पान परत उघडून बघणार. उघडलं तर वायर परत जागेवर. पहिली, दुसरी, तिसरी... पान उघडतच होतं. सहावी वायर काढली आणि तो ओरडला, "काकू, गयं!" वायरीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने लिहिलं होतं: प ३. पत्र्याची ओळ, तिसरी खोली.

वायरींवर खोल्यांची नावं लिहिलेली नसती तर ती वायर अंगणातून कुठे जाते हे शोधण्यात आणखी एक रात्र गेली असती. बसवणारा माणूस घाईत असला तरी त्याच्यासमोर उभं राहून दोन्ही टोकांना नावं लिहून घ्या. पेन पुसलं जातं, म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी.

मजा म्हणजे तिसऱ्या खोलीतला मुलगा हाच सगळ्यात जास्त हाका मारणारा. खाटेच्या डोक्याशी खिडकीत त्याचा स्वतःचा राउटर, आधीच्या गावाहून आणलेला. त्याचं निळं भोक, म्हणजे बाहेरचं नेट घेणारं, कधीतरी लाइटीच्या झटक्यात गेलेलं. कोणीतरी त्याला सांगितलं होतं, पिवळ्यात लाव, चालतं. त्याने भिंतीवरच्या सॉकेटची वायर पिवळ्या भोकात लावली. त्याचं कधी चालायचं, कधी नाही. नाही चाललं की तो स्वतःचा राउटर बंद-चालू करायचा, तरी नाही चाललं तर मला हाक मारायचा. हीच वायर निळ्या भोकात असती तर आम्हाला काहीच त्रास झाला नसता. निळ्या भोकातला राउटर बाहेरून पत्ता मागून घेतो, पिवळ्या भोकांतून तो स्वतः वाटतो. बिघाडाचं मूळ इतकंच होतं.

त्याला रागवायला तोंड नव्हतं. त्याच्या खोलीत सिग्नल नीट पोचत नव्हता म्हणून त्याने हा उद्योग केला होता, आणि सिग्नल न पोचणं ही माझ्या मांडणीतली उणीव होती. ओळीतला डबा पहिल्या खोलीच्या दाराबाहेर टांगलेला. नऊ इंची भिंती आणि लोखंडी कपाटं ओलांडून तिसऱ्या-चौथ्या खोलीपर्यंत जाताना त्याचा जीव जायचा. डबा ओळीच्या मधोमध, ओसरीत पत्र्याच्या खालच्या अंगाला हलवला. पत्र्यातून सिग्नल आरपार जात नाही, तो आदळून परततो, त्यामुळे डबा पत्र्याच्या वर कधीच नको.

दुरुस्ती आणि बंदोबस्त

त्या मुलाचा राउटर आम्ही फेकला नाही, कामाला लावला. कोणाला करायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी त्याची वायर भिंतीतून काढा, म्हणजे प्रयोग चालू असताना बाकीच्यांना त्रास नको. लॅपटॉप एकट्या त्या राउटरला जोडा. सेटिंग्जमध्ये जाऊन त्याचा स्वतःचा पत्ता आपल्या ओळीतला पण कोणाला वाटला न जाणारा द्या, उदाहरणार्थ शेवटचा आकडा २५०. तो बदलला की राउटर परत सुरू होतो, मग नव्या पत्त्यावर जाऊन डीएचसीपी बंद करा. त्यानंतरच वायर पिवळ्या भोकात. आता तो पत्ते वाटत नाही, नुसतं वायफाय पसरवतो. पुष्कळ राउटरमध्ये "ॲक्सेस पॉइंट मोड" असं एकच बटण असतं, ते दाबलं की हे सगळं आपोआप होतं.

पण भाडेकरू बदलत राहतात. जूनमध्ये नवी मुलं येणार, त्यांच्या पिशवीत राउटर असणार. प्रत्येकावर पाळत ठेवणं होत नाही. म्हणून दोन गोष्टी केल्या.

पहिली फुकट आहे. मुख्य राउटरचा पत्ता १.१ वरून बदलून १९२.१६८.७३.१ केला. ७३ ला काही अर्थ नाही. ०, १ आणि १०० हे कंपन्यांचे लाडके आकडे सोडून कोणताही घ्या. याने दोन फायदे. कोणाच्या राउटरचा पत्ता योगायोगाने १.१ च असला, तर एकाच नंबरची दोन दारं होतात आणि सगळ्यांचंच नेट लटपटतं. शिवाय नंबर बरोबर दिसत असल्याने चोर ओळखूच येत नाही. ते टळलं. आणि आता कोणाची तक्रार आली की मी एवढंच विचारते: तिसरा आकडा ७३ आहे का?

दुसरीला थोडे पैसे लागतात. साध्या स्विचमध्ये कोणतीही खोली कोणत्याही खोलीशी बोलू शकते. काही स्वस्त स्विचवरही बाजूला एक खटका असतो, तो सरकवला की प्रत्येक भोक फक्त मुख्य राउटरकडे जाणाऱ्या भोकाशी बोलतं, शेजाऱ्याशी नाही. याला पोर्ट आयसोलेशन म्हणतात. मग कोणी चुकीचा राउटर लावला तरी त्याची हाक शेजारच्या खोलीपर्यंत पोचत नाही, त्याचं नुकसान त्याच्यापुरतं. इथे आम्ही एकदा फसलो. अंगणापलीकडच्या ओळीसाठी वेगळा स्विच घेतला आणि खटका फक्त त्याचा सरकवला. काही दिवसांनी पुढच्या घरात पुन्हा चुकीचे पत्ते! झालं असं, की मागच्या घरातली हाक मुख्य राउटरपर्यंत जायची आणि त्याच्या दुसऱ्या पिवळ्या भोकातून फिरून पुढच्या घरात यायची. म्हणून मुख्य राउटरमधून एकच वायर काढली, ती मधल्या स्विचला दिली, त्याचाही खटका सरकवला, आणि तिन्ही घरं त्या मधल्या स्विचवरून घेतली. तेव्हापासून गप्प आहे. जास्त पैसे घालायची तयारी असेल तर डीएचसीपी स्नूपिंगचा स्विच मिळतो. त्याला सांगून ठेवता येतं की पत्ते फक्त या एका भोकातून आलेले खरे, बाकी कोणी वाटले तर तिथेच गिळ. आम्हाला त्याची गरज पडली नाही.

तोंडवळा तोच, रोग वेगळा

"कनेक्टेड, नो इंटरनेट" दिसलं म्हणजे दर वेळी दुसरा राउटरच असतो असं नाही. नंबरच पुढचं सांगतो.

नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ता कोणीच दिला नाही, लॅपटॉपने स्वतःच काहीतरी लावून घेतलंय. (मोबाइल बहुधा "आयपी पत्ता मिळवत आहे" म्हणत अडकून बसतो.) आमच्याकडे हे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झालं. राउटरमध्ये वाटायला पत्ते साठ, मुदत सात दिवसांची. घरचेच पन्नासच्या वर. आखाजीला लेकी-जावई, नातवंडं आली, अंगणात झोके बांधले, गाणी झाली, आणि आल्याबरोबर प्रत्येकाने विचारलं, "वायफायचा पासवर्ड काय शे?" पाहुणे तिसऱ्या दिवशी गेले, पण त्यांच्या मोबाइलच्या नावावरचे पत्ते आठवडाभर अडकून राहिले, आणि सिस्टरांचा मोबाइल, जो त्या दिवसांत गावाला गेला होता, परत आला तर त्याला जागा नाही. पत्ते दोनशे केले, मुदत बारा तासांची केली. पाच मिनिटांचं काम.

नंबर बरोबर, गेटवे बरोबर, तरी कोणाचंच चालत नाही: मग कंपनीच्या डब्यावरचा एलओएस लिहिलेला दिवा बघायचा. तो लाल असेल तर फायबर कुठेतरी तुटलं किंवा वाकलं, घरात शोधण्यात अर्थ नाही.

स्विचवरचे सगळे दिवे एकदम, एका तालात, वेड्यासारखे लुकलुकत असतील आणि सगळंच ठप्प असेल, तर एकाच वायरीची दोन्ही टोकं स्विचमध्ये गेलीत. हे एका दिवाळीच्या साफसफाईत झालं. लोंबणारी वायर दिसली आणि रिकाम्या भोकात नीटनेटकी खोचली. कोणी, ते विचारू नका.

दुपारी दोन ते पाचच नेट जात असेल तर डबा कुठे ठेवलाय ते हात लावून बघा. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून किती तरी जास्त. आमचा मागचा डबा तापून स्वतःच बंद-चालू व्हायचा. धाब्याच्या घरातल्या डब्याला हा त्रास कधी झाला नाही, कारण तो मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात आहे आणि ती भिंत मे महिन्यातही गार.

त्या भिंतीची दुसरी बाजूही सांगते. दीड-दोन हात जाडीची माती सिग्नल अक्षरशः पिऊन टाकते. आमच्या गच्चीवरून गल्लीपलीकडे वायफाय फेकून बघितलं, ओट्यावर पूर्ण, उंबरठ्याच्या आत शून्य. मध्ये रिपीटरही लावून पाहिला. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच परत बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. अशा घरात आत वायर नेऊन आतच डबा लावणं हाच मार्ग. तिन्ही डब्यांचं चॅनल आपोआपवर न ठेवता १, ६ आणि ११ असं वेगवेगळं करून टाका, २.४ गिगाहर्ट्झवर हेच तीन एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

अंगणातली आणि गल्लीवरची वायर

इथे मी पैसे वाचवायला गेले आणि दुप्पट घातले. पहिली वायर स्वस्तातली, आत तांब्याचा नुसता मुलामा आणि गाभा ॲल्युमिनियमचा. ओळखायचं असेल तर आतली तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघाली तर परत करा. उन्हाने तिचं वरचं आवरण एका उन्हाळ्यात तडकलं, पावसात पाणी शिरलं आणि दर ओल्या दिवशी मागच्या खोल्यांचं नेट मंदावायचं. आता अंगणातली वायर ठिबकच्या जुन्या नळीतून नेली आहे. शेतातून काढलेल्या सोळा एमएमच्या काळ्या लॅटरलची वेटोळी आपल्याकडे कोणाच्याही गोठ्यात पडलेली असतात, आणि ती नळी उन्हासाठीच बनवलेली असते. फक्त इनलाइनची घेऊ नका, तिच्या आत ड्रिपर बसवलेले असतात, वायर अडते. साधी नळी घ्या, ड्रिपर टोचलेली भोकं खालच्या बाजूला ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही, आणि वायर ओवून झाल्यावर मगच टोकाला कनेक्टर दाबा. एका वायरीची लांबी शंभर मीटरच्या आत हवी.

गल्लीवरून गेलेली वायर पहिल्याच हंगामात कडब्याच्या ट्रॅक्टरने ओढून नेली. दुसरी उंचावरून नेली, ती मृगाच्या पहिल्या विजेत स्विचची दोन भोकं घेऊन गेली. दोन घरांचं अर्थिंग वेगळं असतं आणि तांब्याची वायर त्या दोघांना जोडते, त्यामुळे वीज जवळपास कुठे पडली तरी झटका तिच्यातून येतो. गल्लीवरून आता फायबर टाकलंय, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि साधी वायर जोडणारे छोटे डबे. काचेतून वीज वाहत नाही. अंगणात अजून तांब्याचीच वायर आहे, पण तिथेही पुढच्या वेळी फायबरच टाकीन.

आणखी एक प्रकरण राहिलं. सगळे एकाच नेटवर्कवर असले की एकमेकांच्या वस्तू दिसतात. एका एकादशीला समोरचे काका टीव्हीवर कीर्तन ऐकत होते, आणि मध्येच पडद्यावर क्रिकेट सुरू झालं. वरच्या मुलाने मोबाइलवरून आपल्या टीव्हीवर मॅच पाठवली होती, यादीत चुकून काकांचं नाव दाबलं. स्विचचे खटके सरकवलेले असले आणि डब्यांमध्ये क्लायंट आयसोलेशन (वायफायवरच्या वस्तूंना एकमेकींशी बोलू न देणं) चालू केलं की हे थांबतं. पण मग स्वतःच्या टीव्हीवरही मोबाइलवरून काही पाठवता येत नाही, हे भाडेकरूंना आधी सांगा.

पासवर्ड उघडा ठेवू नका, आणि भाडेकरू गेला की बदला. कनेक्शन तुमच्या नावावर आहे. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता आणि चौकशी आधी त्या घराच्या दारात आली. तुमच्या प्लॅनच्या अटीही वाचा, कारण घरगुती कनेक्शन पुढे विकायला कंपन्या बहुधा मनाई करतात. नेटचे वेगळे पैसे घ्यायचेच असतील तर डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना बघा. त्यात छोट्या दुकानदारालाही परवान्याशिवाय वायफाय देता येतं, फक्त नोंदणी झालेल्या कंपनीमार्फत. आम्ही वेगळे पैसे घेत नाही.

जिन्याखाली आता एक कागद चिकटवलाय: "बटण बंद करू नये. आधी नंबर बघावा." मागच्या आठवड्यात रात्री नऊला हाक आलीच. मी कणीक मळत होते. वरून मुलगा ओरडला, "काकू, मना नंबर ७३ शे, तरी बी चालत नही!" मी हात तसेच ठेवून पुढच्या खोलीत डोकावले. डब्यावर लाल दिवा. कोपऱ्यावर गटारीसाठी दुपारपासून जेसीबी चालू होता.